पुरस्कार घेऊन दिघीला

लातूरहून पिंपरी-चिंचवडला निघालो म्हटलं, तर आमच्याकडे कुणी "कशाला?" असं विचारत नाही. प्रत्येक गल्लीतला एक तरी मुलगा तिकडे कंपनीत असतो. विचारतात ते एवढंच, "कुणाकडे?" मी "वैशालीकडे" म्हणायचो. वैशाली कोण, हे सांगायला वेळ लागला असता, म्हणून पुढचं टाळायचो. ते आता इथे सांगतो. माणसांची नावं मात्र बदलली आहेत.

माझी पत्नी नलिनी सरकारी रुग्णालयात सत्तावीस वर्षं समाजसेवा अधीक्षक होती. हुद्दा भारदस्त वाटतो, पण मानसोपचार विभागाबाहेर एक लहानशी खोली, एक टेबल आणि तीन खुर्च्या एवढाच तिचा कारभार. डॉक्टर औषध लिहून देत आणि पेशंटला नलिनीकडे पाठवत. गोळ्या घरी कोण देणार, सासरचे परत नेतील का, मालक कामावर परत घेईल का, हे सगळं तिच्या टेबलाशी चालायचं. लोकांना वाटे, ती फॉर्म भरून देते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. खरं सांगायचं तर मलाही बराच काळ तसंच वाटत होतं.

ती जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही चार मित्रांनी मिळून तिच्या नावाने एक छोटा पुरस्कार सुरू केला. दवाखान्यात किंवा वस्तीत आजारी माणसांसाठी, मनाने खचलेल्यांसाठी काम करणाऱ्या समाजसेवकांना तो देतो. डॉक्टरांच्या नावाच्या पाट्या लागतात, या लोकांचं नाव कुठेच लागत नाही. माझी एकच अट होती. मानपत्र मी लिहिणार, आणि लिहिण्याआधी त्या माणसाचं काम दोन-तीन दिवस शेजारी बसून पाहणार. ऐकीव माहितीवर लिहिलेली मानपत्रं मी नोकरीत पुष्कळ ऐकली होती. नाव बदललं की ती कुणालाही चालतात.

यंदा नाव निघालं वैशालीचं. शिकत असताना ती वर्षभर नलिनीच्या हाताखाली होती. त्याला पंचवीसेक वर्षं झाली. आता ती यंत्रात हात सापडलेल्या कामगारांसाठी काम करते. फोनवर म्हणाली, "सर, तुम्ही जरूर या. पुरस्काराचं नंतर बघू."

मंगळवार, वाकड आणि पिंपरी

उतरलो माझ्या भाचीकडे, स्वप्नाकडे, वाकडला. ती आणि जावई दोघंही संगणकाच्या कंपनीत. घर अठराव्या मजल्यावर. फाटकावरच्या रखवालदाराने मला पंधरा मिनिटं उभं केलं, कारण स्वप्नाच्या मोबाइलवर माझ्या नावाचा निरोप जाऊन तिने होकार द्यायचा होता आणि ती मीटिंगमध्ये होती. "काका, नियम आहे," तो म्हणाला. बोलण्यावरून अहमदपूरकडचा वाटला. विचारलं तर तिथलाच निघाला. मग त्याने स्वतःची खुर्ची मला दिली, पण आत काही सोडलं नाही. पुढे मी लिफ्टने वर गेलो तो दुसऱ्याच इमारतीच्या अठराव्या मजल्यावर. दार उघडलेल्या बाईंनी मला पाणी दिलं आणि खिडकीतून योग्य इमारत दाखवली. गावाकडे असं चुकीच्या घरी गेलो असतो तर चहा झाल्याशिवाय सुटका नव्हती. इथे पाणी मिळालं, तेही प्रेमाने मिळालं.

खरा घोळ बॅगेत झाला होता. वैशालीसाठी येसर आणलं होतं. धान्य आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ आमच्याकडे आमटीला लावतात. नलिनी दर वर्षी करायची. आता शेजारच्या काकू करून देतात. पिशवी फुटून माझे सगळे सदरे येसराने माखले होते. झटकून त्यातलाच एक अंगात घातला आणि रिक्षाने पिंपरीचा दवाखाना गाठला. वैशालीने तिथेच बोलावलं होतं.

वैशालीला मी ओळखलं नसतं. लातूरला असताना किरकोळ, दोन वेण्यांची पोरगी होती. आता केस पांढरे झालेले, ते तसेच ठेवलेले, काखेत हेल्मेट. वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "सर, वर एक मुलगा आहे. पाच दिवस झाले, कुणाशी बोलत नाही. मी त्याला विचारते, तो नको म्हणाला तर तुम्ही बाहेर थांबा."

तो मुलगा म्हणजे लक्ष्मण. वय चोवीस. पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करत होता. हात आत असताना प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आली. त्याला ते लोक 'डबल स्ट्रोक' म्हणतात. उजव्या हाताची चार बोटं गेली. पट्टी बांधलेला हात त्याने चादरीखाली ठेवला होता. वैशालीने विचारलं, "हे माझे सर आहेत, बसू देत का?" त्याने खांदे उडवले. मी स्टूल ओढून बसलो. वैशाली पलंगाच्या कडेला, त्याच्या डाव्या बाजूला बसली. ती काहीच विचारत नव्हती. वॉर्डमधला पंखा फिरत होता, कुणीतरी स्टीलचा डबा उघडत होतं.

बऱ्याच वेळाने लक्ष्मण माझ्याकडे बघून म्हणाला, "कुठले हाव तुम्ही?"

"लातूरचा."

"येसराचा वास यायलाय."

मी बॅग फुटल्याचं सांगितलं. तो हसला नाही, पण मान वळवून माझ्याकडे नीट बघायला लागला. म्हणाला, "मी जळकोटचा. माय करते येसर." आणि थांबला. "मायला मी काहीच सांगितलो नाही. फोन आला की म्हणतो, ओव्हरटाइम चालूय."

वैशाली हळूच म्हणाली, "मग पुढं?"

मी दचकलो. ते दोन शब्द आणि ते म्हणण्याची पद्धत, 'पुढं' वर किंचित रेंगाळणं, सगळं नलिनीचं होतं. शाळेतून आलो की मी दिवसभराचं सांगायचो, हेडमास्तर काय म्हणाले, कुणाचा बाप भांडायला आला. ती भाजी निवडत म्हणायची, "मग पुढं?" आणि मी बोलत राहायचो. तीन वर्षांत मला कुणी तसं विचारलं नव्हतं.

लक्ष्मण बोलत राहिला. लग्न ठरलेलं होतं, आता ते लोक नाही म्हणतील. जेवताना नर्सबाईने भरवलं तेव्हा लाज वाटली. अर्ध्या तासाने वैशालीने त्याच्या डाव्या हातात त्याचाच मोबाइल दिला आणि त्याने आईला फोन लावला. आम्ही दोघं व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो. आतून त्याच्या रडण्याचा आवाज आला. वैशाली म्हणाली, "आता रडलेलं चालेल. आता समोर कुणीतरी आहे."

दुपारी दवाखान्याच्या कँटीनमध्ये जेवलो. वैशाली डाव्या हाताने जेवत होती, आणि सवयीने जेवत होती. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं. "यांना शिकवायचं तर आपल्याला यायला नको का, सर? लहानपणी डावा हात ताटात घातला की चापट बसते. ती चापट इतकी आत बसलेली असते की कितीतरी जण आधी उपाशीच राहतात."

बुधवार, चाकण

तिच्या स्कूटरवर मागे बसून चाकणला गेलो. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी हे धाडसच. भोसरी, मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना कंटेनरच्या रांगा लागल्या. आमच्याकडे रस्त्याने जाताना कुणाचं रान आलं ते सांगतात. इथे वैशाली कंपन्या सांगत होती, कुठे काय तयार होतं ते. मध्येच एखादा ज्वारीचा तुकडा, हुरड्यात आलेला, मागे निळ्या पत्र्याची शेड. तो दिसेनासा होईपर्यंत मी मान वळवून बघत होतो. चाकणच्या चौकात आम्ही पाऊण तास अडकलो. शिफ्ट सुटली होती, आणि हेल्मेट घातलेल्या मुलांचा लोंढा दुचाक्यांवरून चालला होता. त्यातल्या निम्म्यांची गावं मला माहीत असणार, असं वाटत राहिलं.

महाळुंग्याला खोल्यांच्या एका लांब रांगेत कांताबाई राहतात. मूळच्या माजलगावकडच्या. धाकटा मुलगा दत्ता इथे कामाला आहे, तो रात्रपाळी करून पडद्यामागे झोपला होता. थोरला गणेश. त्याचा पंजा गेला तेव्हापासून वैशाली त्याच्याकडे जात होती. आठ महिन्यांपूर्वी त्याने स्वतःला संपवलं.

हे मला वैशालीने खोलीबाहेर स्कूटर लावताना सांगितलं. मी विचारलं, "मग मी आत येऊ का?" ती म्हणाली, "त्यांनीच बोलावलंय. लातूरचे पाहुणे म्हटल्यावर भाकरी करते म्हणाल्या."

कांताबाईंनी भाकरी आणि पिठलं वाढलं. ज्वारी गावाहून येते. इथल्या दुकानातल्या पिठाला चिकटपणाच नाही, असं त्या म्हणाल्या. भिंतीवर गणेशचा फोटो होता. वैशालीने जेवता जेवता विचारलं, "गणेशला पिठल्यात लसूण जास्त लागायचा ना?"

"लई," कांताबाई म्हणाल्या. "इतका टाकायचा की दत्ता नाक धरून बसायचा." मग त्या सांगत सुटल्या. गणेश सातवीत असताना म्हशीवर बसून कविता पाठ करायचा. पहिल्या पगारात त्याने आईला चप्पल आणली, ती एक नंबर लहान निघाली, तरी तिने दोन वर्षं घातली. वैशाली ऐकत होती. मधूनच म्हणायची, "मग पुढं?" तासभर त्या खोलीत गणेशचंच बोलणं चाललं होतं. पडद्यामागे धाकटा जागा झाला असावा, कारण एकदा आतून हसल्यासारखा आवाज आला.

परतताना चिंबळी फाट्यावर चहाला थांबलो. मी पुरस्काराचा विषय काढला. म्हटलं, मला जे पाहायचं ते मी दोन दिवसांत पाहिलं.

वैशालीने कप खाली ठेवला. "सर, मी नाही घेऊ शकत. तुम्हाला फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून या म्हटलं. तुमच्या पत्रात लिहिलं होतं, उल्लेखनीय कामगिरी. ज्या वर्षी गणेश गेला त्या वर्षाची कसली कामगिरी? आदल्या आठवड्यात मी त्याच्याजवळ दोन तास बसले होते. मला तो बरा वाटला होता."

शिक्षकाच्या सवयीने म्हणालो, "अगं, अशाने कुणालाच पुरस्कार देता येणार नाही. नलिनीलासुद्धा."

"मॅडमचाही एक पेशंट गेला होता," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं.

तिने सांगितलं. बाळंतपणानंतर आजारी पडलेली एक मुलगी होती. नलिनीने तिच्यासाठी सहा महिने कष्ट घेतले होते. सासरी जाऊन नवऱ्याला समजावलं होतं. मुलगी सुधारली, घरी गेली. आणि एका दुपारी तिचा बाप तिच्या जाण्याची बातमी घेऊन त्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम त्यांच्याजवळ बसून राहिल्या. पाच वाजून गेले. मग त्या नळावर गेल्या, तोंड धुतलं, साडी नीट केली. मी म्हटलं, मॅडम, घरी जा, झोपा. तर म्हणाल्या, 'घरी नाही, आज ह्यांचा सत्कार आहे. मला जायलाच पाहिजे.' मी म्हटलं, सरांना सांगा तरी. म्हणाल्या, 'आज त्यांचा दिवस आहे गं. उद्या सांगीन.'"

रस्त्यावरून कंटेनर जात होते.

तो सत्कार मला चांगला आठवत होता. जिल्ह्याचा आदर्श शिक्षक म्हणून. सपत्नीक सत्कार होता, म्हणून व्यासपीठावर प्रत्येकासाठी दोन-दोन खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. माझं नाव पुकारलं तेव्हा मी एकटाच उठलो, शाल माझ्या खांद्यावर आणि तिच्यासाठीची साडी माझ्याच हातात. पाहुण्यांनी विचारलं, "वहिनी?" मी हसून वेळ मारून नेली. आभार चालले होते तेव्हा ती दाराशी येऊन उभी राहिलेली दिसली. घरी आल्यावर तिने खिचडी टाकली. त्या दिवशी गोडाधोडाचं करायचं ठरलं होतं. मी म्हणालो, "तुझं काम मोठं, माझं काय." आणि ताटावरून उठलो.

हे सगळं मी वैशालीला सांगितलं. यापूर्वी कुणालाही सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही वाटलं नव्हतं.

ती म्हणाली, "मग पुढं?"

"पुढं काय," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी बोलतच नव्हतो. तिसऱ्या दिवशीही नाही. ती उद्या सांगणार होती. सांगणार कुणाला?"

वैशालीने माझं सांत्वन केलं नाही. शेजारी बसून राहिली. नंतर म्हणाली, "त्या दुसऱ्या दिवशी मॅडम वेळेवर आल्या होत्या. मला घेऊन त्या मुलीच्या माहेरी गेल्या. दर महिन्याला जायच्या, मी असेपर्यंत तरी. मी कांताबाईंकडे जाते ते तिथूनच."

स्कूटर सुरू करताना ती म्हणाली, "उद्या दिघीला या. मग ठरवू."

गुरुवार, दिघी

या भागात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते. रविवारची सवय असलेल्या माणसाला ते चमत्कारिक वाटतं. बाजार गुरुवारी, लग्नाची बोलणी गुरुवारी, आणि वैशालीची हात गमावलेल्या कामगारांची बैठकही गुरुवारी.

दिघीला लष्कराच्या हद्दीचं तारेचं कुंपण आहे. त्याच्या अलीकडे घराला घर, आणि पलीकडे मोकळं, पिवळ्या गवताचं माळरान. कितीतरी दिवसांनी एवढी जमीन एकत्र बघितली असं वाटलं, आणि लातूर सोडून मला तीनच दिवस झाले होते.

बैठकीची खोली ज्ञानोबा तात्यांची. तात्या जुन्या दिघीतले, ऐंशीच्या आसपास. पूर्वी तिथे त्यांचा गोठा होता. मला म्हणाले, "म्हशी गेल्या, जागा पडून हुती. माझ्या थोरल्याचा बी हात गेला हुता कंपनीत. तवा ह्या ताई न्हवत्या. तो लई वर्सं खोलीतनं भायेरच येत न्हवता. म्हून म्हनलं, आमी जागा देतो, तुमी बसा."

वीसेक माणसं जमली. बायका होत्या, दोन-तीन लहान मुलं होती. कुणाला दोन बोटं, कुणाला अंगठाच, एकाला मनगटापासून पुढे काही नाही. बाहेर रस्त्यावर यांतले बरेच जण हात खिशात घालून चालत आले होते. आत आल्यावर सगळे हात मांडीवर, उघडे. आधी जेवण झालं. तात्यांच्या सूनबाईंनी इंद्रायणी तांदळाचा भात केला होता, मऊ आणि चिकट, घमघमाट सुटलेला. आमच्याकडे भात शेवटी घासभर. इथे भातावरच भूक भागवतात. मी सवयीने उजव्या हाताने सुरुवात केली आणि आजूबाजूला पाहिलं, तर बहुतेक सगळे डाव्या हाताने जेवत होते. मीही हात बदलला. अर्धा भात सदऱ्यावर सांडला. शेजारचा म्हणाला, "काका, आधी बोटं जवळ घ्या. पंधरा दिवसांत जमतं."

मग एकेकाने आठवडा कसा गेला ते सांगितलं. वैशालीने लक्ष्मणची बातमी दिली. त्याची आई त्या पहाटेच जळकोटहून येऊन पोचली होती आणि त्याच्या पलंगाजवळ बसली होती. सगळ्यांना बरं वाटलं. बहुतेकांनी लक्ष्मणला पाहिलेलंही नव्हतं.

कांताबाई दाराजवळ बसल्या होत्या. मुलगा गेल्यावरही त्या दर गुरुवारी येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

वैशाली म्हणाली, "एक विचारायचंय. हे सर लातूरहून आलेत. त्यांच्या पत्नीकडून मी हे काम शिकले. त्यांच्या नावाचा पुरस्कार मला द्यायचा म्हणतात. मी नको म्हटलं. गणेश गेला त्या वर्षी मला तो घेववत नाही. तुमच्यापासून लपवून नको, म्हणून सांगते."

एकाने सुरुवात केली, "ताई, पण आमी..." आणि तो थांबला. सगळे कांताबाईंकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

कांताबाईच बोलल्या. आवाज साधा, स्वयंपाकघरातून बोलावं तसा. "ताई, माझं लेकरू गेलं. तुमच्यानं वाचलं न्हाई, अन् माझ्यानं बी वाचलं न्हाई. मी तर माय हाय. पन आठ म्हैने झाले, गणेशचं नाव कुनी काढीना. नातेवाईक काढीनात, शेजारी काढीनात, दत्ता तर माझ्यासमोर त्याच्या फोटूकडं बघत बी न्हाई. तुमी येता अन् इचारता, गणेशला काय आवडायचं. म्हैन्यातनं येक दिस माझं लेकरू घरी आल्यावानी वाटतं मला. त्याच्यासाठी सर काई देत असतील, तर घ्या."

वैशाली खाली बघत होती. थोड्या वेळाने तिने मान हलवली, आणि ते हो होतं.

मी कार्यक्रम लातूरला ठेवणार होतो, पाहुणे बोलावून. ती म्हणाली, "द्यायचाच तर इथे द्या, सर. आज." माझ्याकडे ना शाल होती, ना लिहिलेलं मानपत्र. तात्या उठले. "नारळाबिगर सत्कार व्हय? बसा, आलोच." घरात जाऊन देवापुढचा नारळ घेऊन आले, सूनबाईंनी हळद-कुंकवाची वाटी आणली.

मला बोलायला सांगितलं. चौतीस वर्षं वर्गात बोललेला माणूस मी, पण भाषण केलं नाही. जे पाहिलं होतं तेवढंच सांगितलं. पाच दिवस गप्प असलेल्या मुलाजवळ ही बाई काही न विचारता बसली. त्याने आईला फोन केला तेव्हा ती त्याला एकटं सोडून दाराबाहेर थांबली. ती डाव्या हाताने जेवते. आणि गेलेल्या मुलाच्या आईकडे जाऊन ती त्याच्याबद्दल बोलते. "एवढंच मानपत्रात लिहीन," मी म्हणालो. "उल्लेखनीय हा शब्द काढून टाकतो." तेवढ्यावर वैशाली हसली.

कुंकू कांताबाईंनी लावलं. नारळ मी दिला. नारळ घेताना वैशालीने मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणाच्या तरी लहान मुलीने वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. ज्यांना दोन तळवे नव्हते त्यांनी मांडीवर.

लातूरची गाडी संध्याकाळी नाशिक फाट्यावरून होती. वैशाली सोडायला आली. गाडीला उशीर होता. पुलाखाली कणसं भाजणाऱ्या बाईशेजारी आम्ही उभे राहिलो. तीन दिवस जे विचारायचं मनात होतं ते मी विचारलं. "नलिनी दवाखान्यात माझ्याबद्दल कधी काही बोलायची का?"

ती विचारात पडली. उगाच बरं वाटावं म्हणून काही सांगणारी ती नाही, हे मला एव्हाना कळलं होतं.

"नाही, सर. मॅडम घरचं बोलायच्या नाहीत." मग म्हणाली, "शनिवारी मात्र त्या डबा उघडायच्या नाहीत. आम्ही सगळ्या जेवायचो, त्या आमच्याबरोबर नुसत्या बसायच्या. मला वाटलं, उपास असेल. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, 'नाही गं. आज ह्यांची सकाळची शाळा. घरी माझ्यासाठी थांबले असतील.'"

गाडी आली. बॅग वर ठेवून मी खिडकीशी बसलो. वैशाली खालून हात हलवत होती, मीही हलवला.

शनिवारी मी बाराला घरी यायचो आणि नलिनीची वाट बघत पेपर वाचत बसायचो. ती अडीचला यायची. पिशवीतून डबा काढून ओट्यावर ठेवायची, तो हाताला जड लागायचा. मी दर शनिवारी म्हणायचो, "आजही तसाच? स्वतःच्या जेवणाला तरी वेळ काढत जा." ती म्हणायची, "आज गर्दीच फार होती हो." आणि दोन ताटं घ्यायची.